बटणांच्या डब्यातलं पिल्लू

काजाबाईंचं खरं नाव दुकानात कुणाला आठवत नव्हतं, आणि त्यांचंही त्यावाचून काही अडलं नव्हतं. एकतीस वर्षं एकाच शिंप्याच्या दुकानात, एकाच खिडकीखाली, एकाच स्टुलावर बसून त्या काजं करत आल्या होत्या. बाकी कपडा मशीनवर शिवला जाई. कोटाचं काज मात्र हातानंच व्हायला हवं, हा मास्तरांचा हट्ट. "मशीनचं काज म्हणजे आ वासून बसलेलं माणूस," ते गिऱ्हाइकाला सांगत, "आणि आमच्या काजाबाईंचं बघा, ओठ मिटून हसतंय." काजाबाई मान वर करत नसत. प्रत्येक काजाचा पहिला टाका मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन घालायचा, एवढाच त्यांचा नेम. देवाकडे त्यांनी कधी फारसं काही मागितलं नव्हतं. गेले दहा महिने मात्र रोज एकच मागणं चाललं होतं. वन्संना बोलता येऊ दे.

वन्सं म्हणजे त्यांच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, तीस वर्षं शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळला. काजाबाईंचा नवरा गेला तेव्हा जमलेल्या नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, की आता ही कुठं जाणार, कुणाकडे जाणार. वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "कुठं जाणार म्हणजे? तिची उशी इथं आहे, तिची सुई इथं आहे. ती कुठंही जाणार नाही. आता चहा कोण टाकतंय?" त्यानंतर तो विषय त्या घरात निघाला नाही. एकोणीस वर्षं दोघी एका छपराखाली राहिल्या, आणि भांडल्याही रग्गड. मीठ जास्त, मीठ कमी. दिवा चालू ठेवलास, दिवा का बंद केलास. वन्संची जीभ अशी धारदार, की समोरची शेजारीण म्हणायची, "तुमच्या वन्संनी भाजीकडे नुसतं बघितलं तरी भाजी चिरली जाईल."

मग एका सकाळी वन्संच्या हातातला कप सुटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि ती धारदार जीभ थांबली. उजवा हात गेला, उजवा पाय लुळा पडला. बोलण्यातले शिल्लक राहिले तीन शब्द. हो. नको. आणि गुंडी.

गुंडी ही वन्संची मांजर. शाळेतल्या खडूच्या कपाटात सापडली होती, तळहातावर मावेल एवढी, नाकावर गोल काळा ठिपका, म्हणून गुंडी. काजाबाईंना वन्सं आयुष्यभर "अगं" म्हणत आल्या होत्या, आता तेही तोंडून येत नव्हतं. देवानं तीन शब्द मागे ठेवले आणि त्यातला एक मांजरीला दिला, असं काजाबाईंच्या मनात कधीतरी येई. आलं की त्या लगेच तोंडावर पाणी मारून घेत. आजारी माणसाचा काय हिशेब करायचा?

गुंडीचं जाणं-येणं वन्संच्या पलंगाशेजारच्या खिडकीतून. खिडकीबाहेर कुंपणाची भिंत, भिंतीला टेकलेलं जुनं झाड. दिवसातून दहा वेळा ती जाई, दहा वेळा येई, आणि दर वेळी वन्सं नव्यानं "गुंडी" म्हणत.

त्या सकाळी काजाबाई दुकानाची पिशवी भरत होत्या, तेवढ्यात आतून विचित्र आवाज आला. आधी त्यांना वाटलं, घास अडकला. धावत गेल्या, तर वन्सं हसत होत्या. ओठ एका बाजूलाच वर जात होता, आवाज अडखळत होता, पण ते हसूच होतं. दहा महिन्यांत पहिलं. पांघरुणावर गुंडी ऐटीत बसली होती आणि वन्संच्या डाव्या तळहाताखाली काहीतरी वळवळत होतं.

"गुंडी," वन्सं म्हणाल्या. वर्गात पहिल्या आलेल्या पोराची ओळख करून द्यावी तशा.

हात उचलला, तर खारीचं पिल्लू. बोटाएवढं, गुलाबी, डोळे मिटलेले, पाठीवर पट्टे नुसते पेन्सिलीनं आखल्यासारखे. "अरे देवा, कुणाच्या घरातून उचललंस गं!" काजाबाई मांजरीवर ओरडल्या. मग त्यांनी केलं ते कुणीही केलं असतं. डोळ्यांच्या औषधाचा जुना ड्रॉपर उकळला, दूध कोमट केलं आणि थेंब थेंब करून पिल्लाच्या तोंडात सोडलं. वन्सं मान वाकडी करून बघत होत्या. पिल्लानं दोन-तीनदा तोंड हलवलं, तशा पुन्हा हसल्या.

दुपारी काजाबाई जेवायला घरी आल्या तेव्हा स्वयंपाकघरातल्या टोपलीत पिल्लू ताठ पडलेलं होतं. नाकाशी दुधाचा वाळका बुडबुडा. त्यांनी ते फडक्यात गुंडाळलं, मागच्या दारानं नेऊन भिंतीकडेला पुरलं, हात धुतले. आत आल्या, तर वन्सं दाराकडे डोळे लावून बसलेल्या. भुवया वर. कुठंय?

काजाबाईंना खोटं बोलता येत नसे. लहानपणी एकदा बोलल्या होत्या तर तीन दिवस जेवण गेलं नव्हतं. पण समोर सकाळचं ते हसू अजून चेहऱ्यावर रेंगाळत होतं.

"सोडलं त्याच्या आईकडे," त्या म्हणाल्या. "झाडाखाली ठेवलं, आई आली, घेऊन गेली."

"हो," वन्सं म्हणाल्या. समाधानानं उशीला टेकल्या. काजाबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून हात जोडले. तुला सगळं दिसतं, म्हणाल्या, आजच्या दिवस पदरात घे.

दोन दिवसांनी गुंडीनं दुसरं आणलं. पुन्हा पांघरुणावर, पुन्हा वन्संचं हसू, पुन्हा "गुंडी". या पिल्लाच्या अंगावर काजाबाईंना काही जखम दिसली नाही. दूध द्यायचं नाही, एवढं त्या शिकल्या होत्या. आईजवळ ठेवावं, तर लहानपणापासून ऐकलेलं, की माणसाचा हात लागला की आई पिल्लाला जवळ करत नाही. आणि घरी ठेवावं तर मांजर. शेवटी त्यांनी बटणांचा पत्र्याचा डबा रिकामा केला. आत काहीतरी मऊ हवं. जन्मभर ज्या बाईच्या पायाशी दोऱ्यांचे ढीग पडले तिला दुसरं काय सुचणार? दुकानातून उशी भरायला म्हणून आणलेला दोऱ्यांच्या तुकड्यांचा गुंता होता, तो त्यांनी बोटांनी पिंजून पिंजून ढगासारखा केला आणि त्याचं घरटं डब्यात बसवलं. मधोमध पिल्लू ठेवलं. इतकं सुरेख दिसत होतं, की त्यांना वाटलं, खारीलाही असं जमलं नसतं.

डबा पिशवीत घालून त्या दुकानात गेल्या. झाकण अर्धं उघडं ठेवून खिडकीत, उन्हाच्या कडेला ठेवला. दहा वाजले, अकरा वाजले. त्या काजं करत होत्या. साडेअकराच्या सुमाराला डब्यातून बारीक किर्र आवाज यायला लागला.

मास्तरांनी कात्री थांबवली. "काजाबाई, तुमची बटणं रडायला लागली की काय?"

"पिल्लू आहे, मास्तर. खारीचं."

"वा! म्हणजे आता कोटाला शेपट्या लावायच्या." मास्तर स्वतःच्याच विनोदावर हसले. "मुकी काजं करायची सोडून बोलती बटणं कुठं आणलीत?"

नेमक्या त्याच वेळी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई काउंटरशी उभ्या होत्या. दवाखान्याचे पांढरे डगले इथंच शिवले जात, ते न्यायला आल्या होत्या. ठेंगण्याठुसक्या, केस आखूड, बोलणं तोडून. त्यांनी डगल्यांची पिशवी खाली ठेवली. "आवाज चांगला नाही हा. दाखवा."

काजाबाईंनी डबा पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी ढगासारख्या दोऱ्यांत बोट घातलं, पिल्लू उचललं, तर त्याच्याबरोबर सगळं घरटंच वर आलं.

"हे कुणी बांधलंय?"

"बांधलं नाही हो कुणी. मऊ असावं म्हणून..."

"मऊ!" डॉक्टरीणबाईंनी पिल्लू कापायच्या टेबलावर, दिव्याखाली धरलं. मागच्या एका पायाला निळा दोरा चार-पाच वेढे बसून आवळला होता. पिल्लू ऊब शोधत जितकं वळवळलं तितका दोरा रुतला होता. दोऱ्याखालचं पाऊल काळंनिळं, फुगलेलं, तांदळाच्या दाण्याएवढं. निळा दोरा. परवाच्या कोटाचा. त्यांनीच तोडून टाकलेला.

"बारीक कात्री आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. कात्री हातात घेतली, टोक जवळ नेलं, थांबल्या. "कातडीत गेलाय. मला चष्म्यातूनही दिसत नाही."

"द्या इकडे," काजाबाई म्हणाल्या.

मास्तर म्हणत असत, की काजाबाई तलम रेशमातून एक धागा काढतील आणि रेशमाला कळणार नाही. त्या दिवशी त्यांनी दिवा खाली ओढून धरला. मशीनवरच्या दोघांनीही पाय थांबवले. काजाबाईंनी सुईचं बोथट टोक पहिल्या वेढ्याखाली सरकवलं, केसभर उचललं, कात्रीच्या टोकानं कापलं. दुसरा वेढा. तिसरा. चौथा इतका खोल होता, की तो काढताना पिल्लू किंचाळलं आणि त्यांच्या ओठांतून देवाचं नाव मोठ्यानं बाहेर पडलं. मग दोरा सुटला. चिमटीत वीतभर निळा दोरा, टोकाला लाल.

"पाऊल जाईल बहुतेक," डॉक्टरीणबाई पिल्लू उलटंपालटं करत म्हणाल्या. "जीव राहील, पण इथं बघा." त्यांनी बगलेतली लव बाजूला केली. सुईच्या टोचणीएवढा ठिपका. "हा तुमच्या मांजरीचा दात. कधी आणलं?"

"सकाळी आठला."

"बरं झालं मी आले. मांजरीच्या तोंडात जहर असतं म्हणा ना. पिल्लू दिवसभर चांगलं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी मरतं. म्हणून जखम दिसो, न दिसो, मांजरीच्या तोंडातून आलेलं पिल्लू तासाभरात माझ्याकडे. दूध नाही, पाणी नाही. ऊब द्यायची, तीही कडा दुमडलेल्या फडक्यात. सुटा धागा नको."

"आणि आई? माणसाचा हात लागला की घेत नाही ना?"

"कोण म्हणतं? पडलेलं असेल, मांजरीनं धरलेलं नसेल, तर झाडाखाली ठेवा, मांजर कोंडा आणि लांब जाऊन उभ्या राहा. येते ती. मानेला धरून घेऊन जाते." डॉक्टरीणबाईंनी अंगावरच्या डगल्याच्या खिशातून रुमाल काढून पिल्लू दवाखान्यात न्यायला त्यात गुंडाळलं. "घरट्यात अजून एखाद-दोन असतील. मांजर बाहेर राहिली तर तीही जाणार. महिना-दीड महिना तिला घरात ठेवा. पिल्लं झाड सोडेपर्यंत. कायमची ठेवलीत तर उत्तमच."

काजाबाईंनी मान हलवली. दोन पिल्लं. एकाला मी दूध पाजून मारलं, एकाचा पाय मी दोऱ्यानं घालवला. मांजरीनं काय केलं, तर मांजरीनं करावं ते.

त्या संध्याकाळी त्यांनी वन्संच्या खिडकीची कडी लावली.

वन्संनी खिडकीकडे बघितलं, मग काजाबाईंकडे. डावा हात उचलून कडीकडे केला. उघड.

"नाही वन्सं. थोडे दिवस गुंडीला आत ठेवायचंय. पिल्लं आहेत ना झाडावर."

वन्संनी खांदा उडवला. पांघरुणावरून बोटांनी चालत गेल्यासारखं केलं, मग बोट खिडकीबाहेर, वर झाडाकडे. अर्थ लख्ख होता. मग काय झालं? ती आणते, तू आईकडे देऊन येतेस.

आता सांगायला हवं होतं. काजाबाईंनी तोंड उघडलंही. पण दिवसभराचं ते काळंनिळं पाऊल डोळ्यांपुढून जात नव्हतं, आणि सांगायचं झालं तर दोन्ही पिल्लांचं सांगायला लागलं असतं. "डॉक्टरांनी सांगितलंय, थोडे दिवस," एवढंच म्हणून त्या ताटं वाढायला उठल्या.

पुढचे आठ दिवस घराचं घरपण गेलं. गुंडी खिडकीच्या काचेशी बसून ओरडे, दाराच्या फटीत नाक खुपसून ओरडे, पडदा ओरबाडे. ती ओरडली की वन्सं "गुंडी, गुंडी" करत. मग दोघींचे आवाज एकात एक. तिसऱ्या दिवशी वन्संनी ताट ढकललं. नको. चौथ्या दिवशी औषधाची गोळी ओठांआड धरून ठेवली आणि काजाबाई वळल्यावर थुंकली. हसू तर गेलंच. आता त्या काजाबाईंकडे बघेनात. एकोणीस वर्षांतली सगळी भांडणं एका तराजूत घातली तरी ही गप्प नजर जड होती.

समोरची शेजारीण दुपारी तासभर वन्संपाशी येऊन बसायची. तिनं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "मांजर कोंडताय? उद्या माशाला सांगाल पोहू नको म्हणून. अहो, माया आहे तिची. घरचं माणूस आजारी, म्हणून घास आणून देतेय बिचारी."

"कुणाचं तरी लेकरू आणतेय ती."

"खारीचं हो. आणि इथं तुमचं घरचं माणूस अन्न सोडून बसलंय, ते?"

काजाबाई पिशवी उचलून निघाल्या. दुकानात बसलं तरी तेच डोक्यात. झाडावरच्या एका-दोन जिवांसाठी घरातल्या जिवाला उपाशी ठेवायचं, यात पुण्य किती आणि पाप किती? एका काजाचा टाका चुकला. एकतीस वर्षांत मास्तरांनी पहिल्यांदा त्यांचं काज उसवलं आणि कोट परत त्यांच्यापुढे ठेवला.

नवव्या दिवशी समोरचीचा निरोप आला, की भावाकडे जावं लागतंय, आज येणं जमणार नाही. काजाबाई मास्तरांना सांगून लवकर निघाल्या. कुलूप उघडलं. घर गप्प होतं. मांजरीचा आवाज नाही, वन्संचा नाही. चप्पल पायातच ठेवून त्या आत धावल्या.

वन्सं उभ्या होत्या.

पलंगापासून चार पावलं, खिडकीच्या चौकटीला डाव्या हातानं धरून, उजवा पाय मागे ओढलेला, अंग थरथरत, पण उभ्या. दहा महिन्यांत काजाबाई आणि समोरची, दोघींनी धरल्याशिवाय त्या पलंगावरून उतरल्या नव्हत्या. कडी काढलेली, खिडकी सताड उघडी, चेहऱ्यावर वारा. काजाबाई "वन्सं!" म्हणून पुढे झाल्या, त्यांना कमरेला धरलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "चाललात? एकट्या चाललात? देवा, देवा रे!"

"हो," वन्सं म्हणाल्या. "हो, हो." आणि तेच वाकडं, सुंदर हसू. मग हनुवटीनं पलंगाकडे दाखवलं. "गुंडी!"

पांघरुणावर गुंडी बसली होती, शेपटी पायांभोवती गुंडाळून. तिच्या पुढ्यात पिल्लू. मागच्या दोघांहून मोठं, अंगावर लव धरलेली, एक डोळा नुकता किलकिला झालेला.

वन्संनी डावा हात चौकटीवरून सोडला, सगळा भार काजाबाईंवर टाकला आणि बोट खिडकीबाहेर वर नेलं. जा. आईकडे देऊन ये.

ते बोट काजाबाईंना सुईसारखं आत गेलं. कुणी उघडली खिडकी? वन्संनी. आणि वन्संना कुणी सांगितलं होतं, की असं आणलेलं पिल्लू सुखरूप आईकडे जातं म्हणून?

त्यांनी वन्संना पलंगावर बसवलं, गुंडीला उचलून न्हाणीघरात कोंडलं, खिडकी लावली. पिल्लाच्या पोटाखाली लाल ठिपका होता, एक नाही, दोन. कडा दुमडलेला मऊ रुमाल त्यांनी त्या दिवसापासून तयारच ठेवला होता, त्यात ते गुंडाळून छातीशी धरलं आणि त्या निघाल्या. वय साठीला टेकलेलं, धावायची सवय नाही; रस्त्यात लोक वळून बघत होते. दवाखान्याची पायरी चढेपर्यंत रुमालातली धडधड बोटांना लागत होती.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या कुणाचं तरी कुत्रं टेबलावरून उतरवून यांना पुढे घेतलं. औषधाची सुई टोचली. दिव्याखाली ठेवलं. "तुम्ही वेळेत आणलंत," त्या म्हणाल्या, "पण दात पोटात गेलेत." दोघी दिव्याशी उभ्या राहिल्या. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात आधीचं पिल्लू तीन पायांवर आणि एका थोट्यावर सरपटत होतं, चांगलं गुबगुबीत झालेलं. काजाबाईंनी तिकडे एकदाच बघितलं. वीसेक मिनिटांनी दिव्याखालचं पोट हलायचं थांबलं. डॉक्टरीणबाईंनी हात त्यांच्या पाठीवर ठेवला.

परतीच्या रस्त्यावर काजाबाई देवाशी भांडल्या. आयुष्यात पहिल्यांदा. आज चालवलंस ना तिला, मग तिच्या चालण्यावर हे का ठेवलंस? दोन्ही गोष्टी एकाच हातानं कशाला दिल्यास? फाटकाशी येईपर्यंत मात्र त्यांना एवढं कळलं होतं, की आत जाऊन काय म्हणायचं ते देव ठरवणार नव्हता.

वन्सं उशीला टेकून वाट बघत होत्या. भुवया वर.

"सोडलं त्याच्या आईकडे" हे शब्द जिभेवर तयार होते. किती सोपे होते! रात्री वन्सं जेवल्या असत्या. उद्या कदाचित सहा पावलं टाकली असती.

काजाबाई पलंगाच्या कडेला बसल्या. "मेलं ते, वन्सं."

वन्संच्या भुवया तशाच राहिल्या.

"पहिलंही मेलं होतं. मी दूध पाजलं, त्यानं गुदमरलं. मी ते मागच्या भिंतीशी पुरलं आणि तुम्हाला खोटं सांगितलं. दुसऱ्याच्या पायात माझा दोरा रुतला, ते पांगळं झालंय. आजचं गुंडीच्या दातानं गेलं. कुणाच्याही आईकडे काही गेलं नाही. तुम्ही हसत होतात, म्हणून माझ्यानं सांगवलं नाही. खरं सांगितलं असतं, तर तुम्ही कडी काढली नसती. हे माझं आहे, तुमचं नाही."

वन्संनी तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते. काजाबाईंनी हात लावला, तर "नको". न्हाणीघरात गुंडी दार ओरबाडत होती. शेवटी काजाबाईंनी दार उघडलं, ती बाणासारखी पलंगावर गेली, वन्संच्या कुशीत शिरायला लागली. वन्संनी डाव्या हातानं तिला ढकललं. ती पुन्हा आली. पुन्हा ढकललं, या वेळी जोरात, इतकं की ती खाली पडली आणि पलंगाखाली गेली.

काजाबाईंना हे नको होतं. खिडकी बंद व्हायला हवी होती, हे नव्हे. त्या गुडघ्यावर बसल्या, पलंगाखालून गुंडीला ओढून काढलं, हातावर ओरखडे घेतले आणि तिला वन्संच्या पोटाशी ठेवलं. "हिच्यावर कशाला राग काढता? हिला काय कळतंय? बोलता येतं ती मी होते. मी गप्प राहिले. रागवायचं तर माझ्यावर रागवा. चांगलं आठवडाभर रागवा, पण जेवून रागवा."

वन्संचा हात हवेत तसाच राहिला. मग सावकाश मांजरीच्या पाठीवर उतरला. पण त्यांनी तिला हाक मारली नाही, त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. जेवल्या मात्र. अर्धी पोळी, थोडी डाळ.

तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. काजाबाई खिडकीसाठी जाड जाळीच्या कापडाला कडेनं पट्टी लावत बसल्या होत्या, म्हणजे वारा येईल आणि मांजर जाणार नाही. वन्संनी पांघरूण बाजूला केलं. पाय खाली सोडले. काजाबाईंनी सुई कापडात खोचली आणि धावत जाऊन त्यांना धरलं. चार पावलं. मध्ये दोनदा थांबून, पण चार पावलं. खिडकीशी आल्यावर वन्संनी चौकट धरली आणि बंद काचेतून बाहेर बघितलं.

झाडाच्या बुंध्यावर खार होती. ती खाली यायची, भिंतीपर्यंत जायची, थांबायची, शेपटी झटकून किटकिट आवाज करायची, मग परत वर. फांदीच्या बेचक्यापर्यंत जाऊन आत डोकं घालायची, पुन्हा खाली. काचेमुळे आवाज बारीक येत होता. आत अजून एखादं उरलं होतं की नाही, ते दोघींपैकी कुणालाही कळायला मार्ग नव्हता.

वन्संचा सगळा भार काजाबाईंच्या खांद्यावर आला होता. खांदा दुखायला लागला, तरी त्या "आता बसू या" म्हणाल्या नाहीत.